‘प्राइड अँड प्रेज्युडिस’: ११० पौंडांच्या व्यवहाराची पार्श्वभूमी

जेन ऑस्टिनच्या या इंग्रजी कादंबरीचं कथानक इथे पुन्हा सांगत बसत नाही. ती बाजारात कशी आली आणि त्यात पैसा कोणाचा झाला, एवढ्यापुरतीच ही नोंद.

पहिला खर्डा १७९६-९७ चा, ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ या नावाचा. जेन ऑस्टिन तेव्हा विशी-एकविशीत होती. वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र घातलं, त्याने हस्तलिखित न मागवताच उलटटपाली नकार कळवला. मधल्या काळात दुसऱ्याच एका लेखिकेची कादंबरी त्याच नावाने छापून आली. हॅम्पशरमधल्या चॉटन गावी स्थिरावल्यावर तिने जुना मजकूर पुन्हा काढला, भरपूर छाटला आणि नवं नाव दिलं.

खरा वाद आहे तो नोव्हेंबर १८१२ मध्ये झालेल्या व्यवहाराचा. तिने कादंबरीचे सर्व हक्क एकरकमी ११० पौंडांना विकून टाकले. मागणी १५० ची होती. प्रकाशक लंडनच्या व्हाइटहॉल भागातला, मुख्यतः लष्करी विषयांची पुस्तकं काढणारा. ‘बिचारीला फसवलं’ हा सूर तेव्हापासूनचा नव्हे. पुस्तकाचं पुढे काय झालं ते ठाऊक असलेल्यांनी तो मागाहून लावला.

आधीची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ तिने स्वतःच्या जोखमीवर काढली होती. म्हणजे छपाई, कागद, जाहिरात हा सगळा खर्च लेखिकेचा, प्रकाशकाला फक्त दलाली, आणि हक्क लेखिकेकडेच. तोटा झाला तर भरून काढायला तिने थोडे पैसे बाजूलाही काढून ठेवले होते. त्या पुस्तकाने १४० पौंड मिळवून दिले खरे, पण हा हिशेब स्पष्ट झाला जुलै १८१३ मध्ये. म्हणजे हक्क विकताना हातात असा आकडा नव्हता. त्याआधी, १८०३ मध्ये, एक हस्तलिखित १० पौंडांना विकलं होतं. घेणाऱ्याने पैसे मोजले आणि पुस्तक छापलंच नाही. स्वतःची मिळकत जवळपास नसलेल्या, भावांच्या मदतीवर आई आणि बहिणीसोबत राहणाऱ्या बाईने खात्रीचे ११० पौंड पदरात पाडून घेतले, यात मला भोळेपणा दिसत नाही. तिने स्वतः पत्रात लिहिलं आहे की दोघांचंही समाधान होणं शक्य नव्हतं, आणि प्रकाशकाने जास्त धोका पत्करला नाही याचं नवल वाटत नाही.

तरी आकडे बोचतातच. २८ जानेवारी १८१३ ला तीन भागांचा संच १८ शिलिंगांना विक्रीस आला. वीस शिलिंगांचा पौंड धरला, तर लेखिकेच्या वाट्याची सगळी रक्कम म्हणजे जेमतेम १२२ संचांची छापील किंमत. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, १८१७ मध्ये तिसरी. दोन्हींतून तिला दमडी मिळाली नाही. किंमत कळताच तिने बहिणीला लिहिलं, माझ्या पुढच्या दोन पुस्तकांना प्रकाशकाने एक पौंड एक शिलिंग लावावा! थट्टाच ती, पण हक्क विकण्याची वाट तिने त्यानंतर धरली नाही. ‘मॅन्सफील्ड पार्क’ पुन्हा जोखमीवर काढली आणि ती तिची सर्वाधिक कमाईची कादंबरी ठरली, असं मानतात. पुढे दुसऱ्या एका बड्या प्रकाशकाने तीन कादंबऱ्यांचे हक्क मिळून ४५० पौंडांना मागितले, तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं. ११० पौंडांचा धडा म्हणायचा तर तो हा.

१८१७ मध्ये ती गेली. पुढे १८३२ मध्ये या कादंबरीचे उरलेसुरले हक्क तिसऱ्या प्रकाशकाने अवघ्या ४० पौंडांना उचलले आणि पुस्तक एका खंडात स्वस्तात आणलं. आज आपल्याला वाटते तशी तिची लोकप्रियता तेव्हा नव्हती. पुतण्याने लिहिलेल्या चरित्रानंतर, म्हणजे १८७० पासून, ती वाढत गेली, आणि विसाव्या शतकापासून पडद्याने कादंबरीचा ताबा घेतला: १९४० चा हॉलिवूडपट, दूरदर्शनवर १९८५ मध्ये आलेली ‘तृष्णा’, १९९५ ची सहा भागांची ब्रिटिश मालिका, २००५ चा चित्रपट. ओल्या सदऱ्यातला नायक डार्सी याच १९९५ च्या मालिकेतला. पुस्तकात शोधायला जाऊ नये.

२०१७ मध्ये इंग्लंडच्या १० पौंडांच्या नोटेवर लेखिकेचं चित्र आलं. सोबत वाचनासारखा आनंद नाही, अशा अर्थाचं याच कादंबरीतलं वाक्य छापलं. ते तोंडी आहे कॅरोलाइन बिंग्लीच्या, जिला वाचनात काडीचा रस नाही. वाचकांनी टीका केली, नोट तशीच चलनात आली.