पणजीचा पिनकोड आणि चाचण्यांचा तक्ता

बेळगावातील एका मिठाईच्या दुकानासाठी मी लिहिलेल्या प्रणालीत, कुंद्याचे पार्सल कोणत्या राज्यात जाणार हे पिनकोडवरून ओळखणारे एक छोटे फंक्शन होते. आमच्या सीमाभागातून एक पार्सल निपाणीला, दुसरे चंदगडला, तिसरे पणजीला जाते. दोन-तीन तासांच्या प्रवासात राज्य बदलते आणि त्याबरोबर कुरिअरचा दरही बदलतो. पहिले दोन अंक ४० ते ४४ असतील तर महाराष्ट्र, ५६ ते ५९ असतील तर कर्नाटक, असा नियम मी केला होता. निपाणीचा ५९१२३७ आणि चंदगडचा ४१६५०९ बरोबर ओळखले गेले. पणजीचा ४०३००१ मात्र महाराष्ट्रात जाऊन बसला. १९७२ साली सुरू झालेल्या पिनकोड पद्धतीत गोवा टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलमध्येच मोडतो आणि त्याची ओळख तिसऱ्या अंकावर पटते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

अशी चूक पकडण्यासाठी युनिट टेस्ट लिहितात: प्रोग्रामच्या एका लहान भागाला ठरावीक माहिती द्यायची आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे. मी प्रत्येक गावासाठी तीच चाचणी नक्कल करून चिकटवली होती. सात चाचण्यांत वेगळे होते ते फक्त पिनकोड आणि राज्य, पण ते शोधायला वाचणाऱ्याला सातही चाचण्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागत. पॅरामीटराइज्ड टेस्टमध्ये कृती एकदाच लिहितात आणि माहितीचा तक्ता शेजारी ठेवतात. हेच काम एका चाचणीत लूप, म्हणजे तीच कृती प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पुन्हा करणारी रचना, घालूनही होते. परंतु लूप पहिल्या चुकीलाच थांबतो आणि पुढच्या ओळींचे काय झाले ते कळतच नाही, तर इथे प्रत्येक ओळ स्वतंत्र चाचणी म्हणून चालते.

तरीही नुसत्या तक्त्याने चाचणी वाचनीय होत नाही. जावा भाषेतील चाचण्या चालवणारे जेयुनिट ५ सारखे साधन, वेगळे काही सांगितले नाही तर, ओळीचा क्रमांक आणि त्यातील मूल्ये एवढेच दाखवते. ‘४०३००१, गोवा’ ही ओळ तिथे का आहे, हे सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही आठवणार नाही. म्हणून मी तिसरा रकाना वाढवला आणि त्यात ‘पणजी: ४० ने सुरू होऊनही महाराष्ट्र नव्हे’ असे लिहिले. जेयुनिटमध्ये हा मजकूर चाचणीचे नाव म्हणून दाखवता येतो; पायथन भाषेसाठीच्या पायटेस्ट या साधनात त्यासाठी ‘आयडीज’ची, म्हणजे प्रत्येक ओळीला नाव देण्याची, सोय आहे. माझ्या मते साऱ्या तक्त्यातला हाच रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण चाचणी फसल्यावर माणूस प्रथम तोच वाचतो.

पुढे मला त्याच तक्त्यात पाचच अंकांचा आणि शून्याने सुरू होणारा पिनकोडही घालावासा वाटला. तिथे उत्तर राज्य नसून त्रुटी असते, त्यामुळे चाचणीत ‘त्रुटी अपेक्षित आहे का’ असा रकाना आणि त्यापाठोपाठ ‘जर-तर’ आले. तेव्हा तक्त्याचे दोन भाग करणेच योग्य ठरले: एक राज्य ओळखण्याचा, दुसरा चुकीचा पिनकोड नाकारण्याचा. ग्राहक देवनागरी किंवा कन्नड अंकांतही पिनकोड भरतात. दिसायला वेगळे असले तरी ते बरोबरच असतात, म्हणून त्यांच्या ओळी पहिल्या तक्त्यात आल्या, ‘निपाणी: कन्नड अंकांत लिहिलेला’ अशा नावाने.