‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’: कादंबरीच्या आधी काय घडलं होतं

अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी १९३९ च्या एप्रिलमध्ये आली. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमिनीवरून उठवलं जातं आणि एका मोडक्या गाडीत संसार कोंबून कॅलिफोर्नियाला निघतं, एवढंच तिचं कथानक.

धुळीच्या वादळांनी हे लोक देशोधडीला लावले, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. जोडांचं गाव सॅलिसॉ ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला आहे आणि धुळीचा मुख्य पट्टा राज्याच्या पश्चिमेला. पूर्वेकडच्या कुळांना उठवलं ते मुख्यतः शेतमालाच्या पडलेल्या किमतींनी, कर्जांनी आणि ट्रॅक्टरने. १९३३ च्या शेती कायद्याने कापसाचा पेरा घटवण्यासाठी सरकारी पैसा दिला. तो बहुतेक मालकांच्याच हाती पडला आणि कित्येकांनी त्यातून ट्रॅक्टर घेऊन कुळं काढून टाकली. भाव सावरावेत म्हणून त्याच वर्षी सुमारे ६० लाख डुकरं, बरीचशी पिल्लंच, मारण्यात आली. भुकेल्या माणसांसमोर संत्र्यांवर रॉकेल ओतलं जातं, तो कादंबरीतला प्रसंग या काळातला आहे. ओतणारा माणूस दुष्ट नाही, रोजंदारीवर आलेला आहे. मला तरी हेच जास्त भयंकर वाटतं.

पुढे कॅलिफोर्नियात स्वागतही तसंच होतं. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले शिपाई थेट राज्याच्या सीमेवर धाडले, खिसा रिकामा दिसला की परत पिटाळायला.

त्याच वर्षी स्टाइनबेक एका वृत्तपत्रासाठी अशा स्थलांतरित मजुरांवर लेखमाला लिहीत होता. कॅलिफोर्नियातल्या आर्व्हिनजवळ मजुरांसाठी असलेल्या सरकारी छावणीत त्याला व्यवस्थापक टॉम कॉलिन्स भेटला. तिथे गरम पाणी होतं, संडास होते आणि कारभार मजुरांनीच निवडलेल्या समित्यांकडे होता. कॉलिन्सचे तपशीलवार अहवाल कादंबरीला फार उपयोगी पडले. पुस्तकातल्या छावणीत पोलिसाला वॉरंटशिवाय शिरता येत नाही आणि जोडांची पोरं फ्लश ओढून, संडास मोडला असं वाटून घाबरतात. सगळ्या कादंबरीत आशेला घर मिळतं ते इथे, तेही नळ आणि समित्यांच्या रूपात.

कादंबरीच्या शेवटी येणाऱ्या पुराची मुळं १९३८ च्या सुरुवातीच्या कॅलिफोर्नियाच्या व्हायसेलिया भागातल्या पुरात आहेत. पाण्यात अडकलेली उपाशी कुटुंबं स्टाइनबेकने कॉलिन्सबरोबर हिंडून पाहिली. जिच्या पोटी मेलेलं मूल जन्मलं ती जोडांची मुलगी रोझ ऑफ शेरॉन एका अनोळखी, भुकेने मरणाऱ्या माणसाला आपलं दूध पाजते, त्या शेवटावर त्या वेळीही गदारोळ झाला.

आर्व्हिन ज्या कर्न काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे, तिथल्याच पर्यवेक्षक मंडळाने १९३९ च्या ऑगस्टमध्ये पुस्तक ग्रंथालयांतून आणि शाळांतून हद्दपार केलं. ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी लेखी विरोध केला, तरी बंदी १९४१ पर्यंत टिकली. गरिबांना राज्यात आणणं गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्येच रद्द केला. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार कायद्यातून शेतमजुरांना मात्र वगळलेलं होतं. कॅलिफोर्नियात त्यांना संघटना करून मालकाशी वाटाघाटी करण्याचा कायदेशीर हक्क मिळायला १९७५ उजाडलं.