फँटसी मागितली की ‘अल्केमिस्ट’ का देता?

चार वाचणारी टाळकी जमली आणि त्यातल्या एकाने ‘एखादी चांगली फँटसी सुचवा’ म्हटलं, की पाच मिनिटांत कुणीतरी ‘द अल्केमिस्ट’चं नाव घेतोच. तिथेच दुसरा म्हणाला, की ऑफिसात मन लागत नाही, पहाटे उठवत नाही, यावर काही पुस्तक आहे का, तर त्यालाही ‘द अल्केमिस्ट’. दोघंही पन्नास पानांत पुस्तक मिटतात. पहिला ठरवून टाकतो की फँटसी आपल्याला झेपत नाही, दुसरा म्हणतो सेल्फ-हेल्प म्हणजे सगळा भंपकपणा. ज्याला नावं ठेवली, ते त्यांनी वाचलेलंच नसतं.

सरळसोट सेल्फ-हेल्पबद्दल फार सांगायला नको. प्रकरणाच्या शेवटी चौकटीत मुद्दे, ‘आजच करून पाहा’ची यादी, मधूनमधून कुठल्या तरी बड्या उद्योगपतीचा किस्सा. ते कुणी फँटसी समजत नाही. घोळ होतो तो गोष्टीचं सोंग घेतलेल्या सेल्फ-हेल्पचा. ‘अल्केमिस्ट’मधला खजिन्याचं स्वप्न पडलेला मेंढपाळ, ‘द मंक हू सोल्ड हिज फेरारी’मधला फेरारी विकून हिमालयात गेलेला वकील, ‘हू मूव्ह्ड माय चीज?’मधले चीज शोधणारे दोन उंदीर आणि दोन बुटके. पात्रं आहेत, प्रवास आहे, थोडा चमत्कारही आहे. मग ही फँटसी का नाही?

‘जादू आहे, म्हणजे फँटसी’ या हिशेबाने काही कळत नाही, कारण जादू दोन्हीकडे असते. विचारायचं ते असं: त्या जादूला नियम आहेत का, आणि तिची किंमत कोण मोजतं?

‘अल्केमिस्ट’मधला, म्हणजे पाउलो कोएलोचा, मेंढपाळ सान्तियागो शेवटाकडे वाळवंटात एका लष्करी तळावर अडकतो. तीन दिवसांत स्वतःचा वारा करून दाखव, नाहीतर जीव जाईल. तो वाळवंटाशी बोलतो, वाऱ्याशी बोलतो, सूर्याशी बोलतो आणि वादळ उठतं. प्रसंग देखणा आहे. पण हे इतरांना जमत नाही ते त्यालाच का जमलं? तर त्याच्या मनाची तयारी झाली होती म्हणून. वादळ ओसरल्यावर त्या चमत्काराचं बिल कुणाच्याच नावावर फाटत नाही. फाटायचंही नसतं, कारण मनापासून निघालात तर जग तुमच्या बाजूने उभं राहतं, हेच त्या पुस्तकाला सांगायचंय.

आता अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) घ्या. गेड हा पोरगा रोक बेटावर जादू शिकतोय. नियम त्याला आधीच सांगितलेले आहेत: वस्तूचं खरं नाव कळलं तरच तिच्यावर सत्ता चालते, आणि लहानसा बदल केला तरी जगाचा तोल हलतो. बरोबरीच्या मुलाने डिवचलं म्हणून, निव्वळ फुशारकीपायी, गेड एका मृत स्त्रीचा आत्मा बोलावतो. उघडलेल्या फटीतून एक सावली बाहेर पडते आणि त्याचा चेहरा फाडते. ती फट बुजवताना महाजादूगार नेमर्ल अंगातली सगळी शक्ती खर्च करतो आणि मरतो. गेड कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो, उठतो तो कायमचे वण घेऊन, आणि उरलेली कादंबरी ती सावली निस्तरण्यात जाते. त्याची इच्छा किती तीव्र होती, याच्याशी त्या जगाला काही देणंघेणं नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न: ‘पण गेडही शेवटी शहाणा होतोच की!’ होतो. पण ते शहाणपण त्याच्या चुकीतून आलेलं, त्याच्यापुरतं आहे. गोष्टीरूप सेल्फ-हेल्पमधलं पात्र वाचकाच्या वतीने शिकतं. म्हणूनच त्याला फारसा स्वभाव दिलेला नसतो. त्याचं नाव खोडून तिथे आपलं लिहिता यावं, अशीच ती बेतणी असते. ‘हू मूव्ह्ड माय चीज?’मधल्या बुटक्यांची नावं महिन्याभरात विसराल, त्यातल्या एकाने भिंतीवर लिहिलेली वाक्यं मात्र लक्षात राहतील. पुस्तकाला तेच हवं होतं, त्यामुळे तो दोष नाही. चुकीच्या माणसाला ते दिलं, हा दोष.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं तर मधलंच एखादं पान उघडा. मागचंपुढचं काही न सांगता व्हॉट्सॲप स्टेटसला टाकता येतील अशी दोन-तीन वाक्यं त्या एका पानावर सापडली, तर ते सेल्फ-हेल्प. फँटसीच्या मधल्या पानावर बहुधा काहीच कळत नाही: हे लोक कोण, बेट कुठलं, तलवारीला नाव कशाला? न कळणं हे चांगलं लक्षण.

बाकीचे घोळ किरकोळ. नारळीकरांच्या विज्ञानकथा वेगळ्या खात्यात, ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ पौराणिक कादंबऱ्यांत. ‘मृत्युंजय’ मोटिव्हेशनल म्हणून भेट देणाऱ्यांनी कर्णाचं शेवटी काय होतं ते एकदा आठवावं.

स्वतःत बदल करायला पुस्तक मागणाऱ्याला आधी विचारा, नेमकं काय बदलायचंय. सवय लावायची असेल तर ‘ॲटॉमिक हॅबिट्स’ (२०१८). त्यातला दोन मिनिटांचा नियम पहिल्याच दिवशी वापरता येतो, म्हणजे नवी सवय सुरुवातीला दोन मिनिटांत उरकेल इतकी छोटी ठेवायची: रोज अर्धा तास वाचायचं ठरवलंय ना, मग सुरुवातीला एकच पान. राग, चिंता, स्वतःला बोल लावत राहणं असलं काही असेल तर डॉ. आनंद नाडकर्णींचं ‘स्वभाव-विभाव’. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर बेतलेलं आहे. एका वेळी एकच प्रकरण वाचावं. आणि नुसती उभारी हवी असेल तर खुशाल ‘अल्केमिस्ट’ द्या. एका रविवारी हातावेगळं होतं.

फँटसी मागणाऱ्याला दहा नावांची यादी पाठवणं हा शुद्ध आळस आहे. यादी पाठवली की आपलं काम संपतं, त्याचं सुरूच होत नाही. एकच नाव द्या, आणि कंटाळा कुठे येईल तेही सांगा. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला टॉल्किनचं ‘हॉबिट’ (१९३७) द्यावं: एका खंडात संपतं, मराठी अनुवादही आहे. त्याचीच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन खंडांत छापलेली एकच कादंबरी आहे, त्यामुळे फोर्टच्या पदपथावर ‘द टू टॉवर्स’ एकटंच स्वस्तात दिसलं तरी उचलू नका, तो मधला खंड आहे. तिन्ही खंड एकत्र बांधलेली आवृत्ती घरी ठेवायची; गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने ती एका हातात पेलत नाही. ‘हॉबिट’च्या पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके एकामागून एक दारात येतात, त्यांची नावं पाठ करत बसू नये. मधली गाणी गाळली तरी गोष्ट अडत नाही. पाचव्या प्रकरणातली कोडी मात्र गाळू नका.