शिंपिणीच्या चोचीत पैलवानाचा केस

आमच्या परड्यातल्या लिंबोणीवर शिंपिणीनं घरटं शिवायला घेतलं तेव्हा मिरगाचे दोनच पाऊस झाले होते. मी मोरीच्या खिडकीत, गजांमधून कॅमेऱ्याची लेन्स बाहेर काढून उभी होते. खाली ओल्या फरशीवर पैलवान पोट टेकून पडला होता. पैलवान म्हणजे आमचा पामेरियन. वजन आठ किलो, रंग पांढराशुभ्र. कोल्हापुरात कुत्र्याचं नाव ठेवायला बसलं की दुसरं काही सुचत नाही.

शिंपीण लिंबोणीवरून उतरली, फरशीवर दोन उड्या मारल्या आणि पैलवानाच्या शेपटीपासून हातभर अंतरावर थांबली. त्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. तिनं खालून काहीतरी उचललं आणि भुर्रकन वर गेली. मला सहा फोटो मिळाले. पाच हलले होते. सहावा रात्री संगणकावर मोठा करून पाहिला तर तिचं तांबूस डोकं, उभी शेपटी, मण्यासारखा डोळा, सगळं स्वच्छ. आणि चोचीत दोन्ही बाजूंनी मिशांसारखे लोंबणारे पांढरे केस.

तो फोटो मी ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. आमच्या कुत्र्याच्या केसांवर पिल्लं वाढणार, याचा इतका आनंद झाला होता की दुसऱ्याच दिवशी पैलवानाला विंचरून निघालेला कापसासारखा पुंजका मी कुंपणाच्या तारेला लावून ठेवला. आई म्हणाली, "लाव की, चिमण्यांनाबी होतील."

हा पक्षी इतका लहान आहे की त्याचं काम डोळ्यांसमोर चालू असूनही दिसत नाही. वजन दहा ग्रॅमच्या आत. शिवणकाम मादी करते. पानाच्या कडा जवळ आणायच्या, चोचीनं बारीक भोक पाडायचं आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा किंवा कापसाचा तंतू ओढून घ्यायचा. आपण म्हणतो ती सलग शिवण यात नसते. प्रत्येक टाका सुटा असतो. भोकातून बाहेर आलेलं तंतूचं टोक पिंजल्यासारखं फुलतं आणि तिथंच अडकून बसतं, रिव्हेट मारल्यासारखं. भोकं इतकी बारीक असतात की पानाची कड वाळत नाही, त्यामुळं घरटं बाहेरून हिरवंच राहतं. माझ्या फोटोत असे चौदा टाके मोजता आले.

पण पान ही फक्त पिशवी. खरं घरटं आतलं, कापूस, बारीक मुळ्या आणि केसांचं. अंड्यातून निघालेलं पिल्लू उघडं असतं. पहिले काही दिवस त्याला स्वतःच्या अंगची ऊब धरता येत नाही, आई उठून किडे आणायला गेली की ते गार पडायला लागतं. आषाढातल्या पावसात हे फार जिवाचं काम. म्हणून अस्तर लागतं आणि अस्तराला केसासारखी चीज नाही. पामेरियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचे लांब राठ केस आणि खालची मऊ लव. ही लव हवा धरून ठेवते आणि थांबलेल्या हवेतून उष्णता सहज निसटत नाही. हिमप्रदेशातल्या कुत्र्यांच्या वंशात हा थर तयार झाला. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात तो पैलवानाच्या काही कामाचा नाही. तो झडतो आणि घरभर होतो.

पक्षी केसांसाठी किती धीट होतात याचा अभ्यास झाला आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी जिवंत प्राण्यांच्या अंगावरून केस उपटून नेणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी गोळा केल्या. शोधनिबंधांत अशा नोंदी मोजक्याच सापडल्या. यूट्यूबवर मात्र लोकांनी हौसेनं टाकलेले व्हिडिओ ढिगानं मिळाले आणि त्यांतले बरेच पाळीव कुत्र्यांचे होते. संशोधकांनी या सवयीला ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, क्लेप्टोट्रिकी, म्हणजे केसचोरी. कोल्हापूरकरांना हे नवल वाटू नये. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशीच्या पाठीवर बसून केस ओढणारा कावळा मी स्वतः पाहिला आहे. म्हैस रवंथ करत होती.

इथं कुत्रेवाल्यांनी दुसरी बाजूही ऐकायला हवी. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानवाटांवर २००७ साली एक प्रयोग झाला. पट्ट्याला बांधलेलं कुत्रं नुसतं त्या वाटेनं फिरवलं, तर तिथं दिसणाऱ्या पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी आणि जातींची संख्या ३५ टक्क्यांनी घटली. कुत्रं मोकळं नव्हतं, कुणाच्या मागं धावत नव्हतं. पक्ष्यांच्या लेखी कुत्रं म्हणजे शिकारी, एवढं पुरेसं होतं. मग आमच्या परड्यात शिंपीण हातभर अंतरावर कशी येते? माझी समजूत अशी, की रोज त्याच फरशीवर त्याच वेळी लोळणारं, न धावणारं जनावर पक्षी ओळखून असतात. बुलबुल, दयाळ, साळुंकी सगळे त्याच्या आसपास वावरतात आणि खिडकीतून लेन्स हलली की उडतात. पन्हाळ्याच्या झाडीत मात्र मी आता पैलवानाला नेत नाही. तिथल्या पक्ष्यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही.

पुंजका तारेला लावून आठवडा झाला असेल. पैलवानाच्या कानामागं बोट फिरवताना मला एक गोचीड सापडली. फुगलेली, करड्या वाटाण्याएवढी. आणि लख्ख आठवलं, बाराच दिवसांपूर्वी मी त्याच्या मानेवर गोचिडीचं औषध टाकलं होतं.

हे औषध बहुतेक कुत्रेवाल्यांच्या कपाटात असतं. छोट्या नळीतून दोन खांद्यांच्या मध्ये, केस बाजूला करून कातडीवर थेंब सोडायचे. दहा किलोच्या आतल्या कुत्र्यासाठीच्या नळीत जेमतेम ०.६७ मिलिलीटर द्रव असतो आणि त्यात सुमारे ६७ मिलिग्रॅम फिप्रोनिल. एका जागी टाकलेलं औषध अंगभर कसं पोचतं, याचं मला आधी कोडं वाटायचं. त्याचं उत्तर तेलात आहे. कुत्र्याच्या कातडीवर तेलाचा पातळ थर असतो. फिप्रोनिल पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि त्या थरावरून दीड-दोन दिवसांत सगळ्या अंगावर पसरतं. पुढं ते केसांच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथींत साठतं. तिथून महिनाभर थोडं थोडं तेलाबरोबर बाहेर येतं आणि केसांना माखत राहतं. औषध महिनाभर टिकतं ते यामुळंच, आणि विंचरून काढलेला केस औषधानं माखलेला असतो तोही यामुळंच.

करवीर तालुक्यातल्या ऊसवाल्यांना हे नाव नवं नाही. खोडकिडीसाठी शेतात पडतं तेच हे फिप्रोनिल. मज्जातंतूंना शांत करणारी एक व्यवस्था प्रत्येक प्राण्यात असते, गाबा नावाच्या रसायनावर चालणारी. फिप्रोनिल तिची दारं बंद करतं. शांत करणारं कुणी उरलं नाही की किड्याचे मज्जातंतू थांबेचनात असे पेटतात आणि किडा मरतो. सस्तन प्राण्यांच्या शरीरातली तीच दारं थोड्या वेगळ्या घडणीची असल्यानं तिथं ते इतकं घट्ट बसत नाही, म्हणून कुत्रं सुखरूप राहतं. पक्ष्यांचं मात्र सरसकट सांगता येत नाही. अमेरिकेतल्या बॉबव्हाइट जातीच्या लाव्यांपैकी निम्मे मरायला वजनाच्या दर किलोमागं ११ मिलिग्रॅमच्या आसपास फिप्रोनिल पोटात गेलं तरी पुरतं. मॅलार्ड बदक २००० मिलिग्रॅमनंही तसं मरत नाही. पक्षीच दोन्ही, आणि फरक जवळजवळ दोनशे पटींचा.

मधमाशीची प्राणघातक मात्रा सुमारे ४ नॅनोग्रॅम धरतात. पैलवानाच्या एका नळीतल्या ६७ मिलिग्रॅमला ४ नॅनोग्रॅमनं भागलं तर दीड कोटीहून जास्त मात्रा होतात. हा भागाकार मी तीनदा करून पाहिला.

आणि घरट्यांचं काय? जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निळा टिट आणि मोठा टिट या पक्ष्यांची १०३ घरटी त्यांनी हंगाम संपल्यावर तपासली. मोठा टिट आपल्याकडच्या रामगंगेचा जवळचा नातलग. ही घरटी जनावरांच्या केसांचं अस्तर असलेली होती. वीस कीटकनाशकांचा शोध घेतला, त्यांतली १७ सापडली. फिप्रोनिल तर १०३ पैकी १०३ घरट्यांत होतं. ब्रिटनमध्ये ते शेतीत वापरत नाहीत, त्यामुळं ते कुठून आलं हे उघड आहे. ज्या घरट्यांत कीटकनाशकांचं प्रमाण जास्त, तिथं न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लंही जास्त निघाली. यावरून औषधानंच पिल्लं मारली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, दोन गोष्टी बरोबरीनं वाढलेल्या दिसल्या, एवढंच. पण अंड्याचं कवच सच्छिद्र असतं आणि पिल्लाची उघडी कातडी दोन आठवडे त्याच अस्तराला चिकटून असते. मला तेवढं पुरे झालं.

मी पुंजका काढायला धावले तेव्हा तारेवर चिमूटभर केस उरले होते.

शिंपिणीचं घरटं मी त्यानंतर लांबूनच पाहिलं. घरट्यापाशी वारंवार माणूस दिसला की कावळ्याला आणि मांजराला पत्ता लागतो, म्हणून फोटो खिडकीतूनच आणि दिवसातून एकदाच. हात लावायचा तर प्रश्नच नव्हता, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याची किंवा अंड्यांची मोडतोड शिकारीत धरली आहे. बेंदराच्या सुमाराला आई-बाप हिरव्या अळ्या घेऊन फेऱ्या मारायला लागले. दोन पिल्लं उडालेली मी मोजली. पुढं एका जोराच्या पावसात पान देठातून तुटून फरशीवर पडलं. आत पांढऱ्या केसांची वाटी होती, हाताला मऊ लागेल अशी, आणि तळाशी निळसर, तांबडे ठिपके असलेलं एक अंडं तसंच राहिलेलं. ते का उबलं नाही याला दहा कारणं असू शकतात. पाऊस होता, गारठा होता, निसर्गात अंडी फुकट जातातच. पण त्या वाटीतले कितीतरी केस माझ्या हातानं तारेवर लावलेले होते आणि ते मला विसरता येत नाही.

औषध बंद करा, असं मी कुणालाही सांगणार नाही. गोचिडीतून कुत्र्यांना एर्लिकिया आणि बाबेसियाचा ताप येतो, रक्तातल्या पेशी घटतात, पांढरेफटक पडून कुत्री दगावतात. शेजारच्या गल्लीतलं एक लॅब्रॅडॉर मागच्या वर्षी असंच गेलं. आमच्या डॉक्टरांशी बोलून मी आता वर्षभर महिन्याच्या महिन्याला डोळे मिटून नळी टाकत नाही. गोचिडीचा जोर असतो तेवढेच महिने टाकते. गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. मादी भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते. म्हणून परड्यातल्या दगडी भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवून घेतल्या, त्याचा गुण औषधाइतकाच आला. पोटातून द्यायच्या गोळ्याही आहेत, केसांचा प्रश्न त्यांनी बराच सुटतो. पण गोळीतलं औषध शेवटी विष्ठेतून बाहेर पडतं, म्हणून ती उचलून कचऱ्यात टाकावी लागते.

आंघोळीचं पाणीही तसंच. इंग्लंडमधल्या वीस नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासले तेव्हा ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल निघालं. संशोधकांचं बोट कुत्र्या-मांजरांच्या औषधांकडे होतं. आमचं सांडपाणी जयंती नाल्याला मिळतं आणि नाला पंचगंगेला. औषध टाकल्यापासूनचे पहिले काही दिवस पैलवानाला आंघोळ नाही आणि तळ्यावर पोहायला तर महिनाभर नाही. तो दारात पट्टा तोंडात धरून बसतो, तरी नाही.

विंचरलेले केस आता कागदाच्या पिशवीत जातात आणि पिशवी घंटागाडीत. त्यांच्या जागी तारेवर मी शेवरीचं उकललेलं बोंड टांगलंय. रंगीत दोरे, लोकर असलं काही ठेवत नाही, पिल्लांच्या पायांत ते गुंडाळलं जातं. परवा सकाळी एक शिंपीण बोंडापाशी आली, रेशमी कापसाचा पुंजका ओढला आणि तो चोचीत मावेना म्हणून अर्धा टाकून दिला. वाऱ्यानं तो पैलवानाच्या नाकावर आला. त्याला शिंक आली, शिंपीण उडाली आणि माझा फोटो हुकला.