मनगटावरची नाडी आणि शरीराची वेळ

रात्रपाळी करून घरी आलेली नर्स सकाळी नऊला पडदे ओढून झोपते. दुपारी उठल्यावर मनगटावरचं स्मार्टवॉच सांगतं, झोप पाच तास. पण ती झोपली तेव्हा तिच्या शरीरात किती वाजले होते? मला हा प्रश्न त्या पाच तासांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं, सुमारे २०,००० चेतापेशींचा इवलासा पुंजका. त्याचा फेरा बहुतेकांमध्ये २४ तासांहून किंचित मोठा असतो, त्यामुळे ते रोज उजेडाशी जुळवून घेतं. प्रयोगशाळेत त्याची वेळ काढायची, तर माणसाला संध्याकाळपासून मंद उजेडात बसवून अर्ध्या-एक तासाने लाळेचे नमुने घेतात. लाळेतलं मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्यावर वाढणारं संप्रेरक, चढू लागलं की शरीराची रात्र सुरू झाली. पद्धत चोख आहे, पण रोज घरी कोण करणार?

स्मार्टवॉच त्या पुंजक्यापर्यंत पोहोचत नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून नाडी मोजतं. नाडी तर जिना चढला तरी वाढते, कॉफीने वाढते, तापातही वाढते. या सगळ्याच्या खाली मात्र दिवसा चढणारी आणि रात्री उतरणारी एक संथ लाट असते. मिशिगन विद्यापीठातले गणितज्ञ डॅनियल फोर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ती वेगळी काढण्याची रीत मांडली. पावलांच्या नोंदी पाहून चालण्या-धावण्याने वाढलेले ठोके बाजूला काढायचे आणि उरलेल्यांत २४ तासांची लय शोधायची. पाळ्या बदलत राबणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या १,३०,०००हून अधिक दिवसांच्या नोंदींना त्यांनी ही रीत लावली. नाडीची लय झोपेच्या वेळांमागे निमूट चालत नव्हती, आणि माणसामाणसांत फरकही खूप होता.

हृदयाच्या पेशींनाही स्वतःचं घड्याळ असतं. म्हणून नाडीवरून काढलेली वेळ ही मेंदूतल्या घड्याळाचीच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. तरीही या अंदाजाचं मोल मोठं आहे, कारण उजेडाचा परिणाम शरीरातल्या वेळेवर ठरतो. सकाळी सातला घरी परतताना त्या नर्सच्या डोळ्यांवर ऊन पडतं. तिच्या शरीरात तेव्हा रात्रीचे दोन असतील, तर तेच ऊन तिचं घड्याळ आणखी उशिराकडे ढकलतं. सकाळचे सात असतील, तर अलीकडे ओढतं.