चाकं पट्ट्याच्या आत, डोकं बाहेर

कुंभार्ली घाटात ट्रकमागे अडकलेला बाइकवाला फार वेळ दम धरत नाही. दोन वळणं धूर खातो, मान काढून बघतो आणि समोर रिकामं दिसलं की रस्त्याच्या मधोमध ओव्हरटेकला मनाई करणारा सलग पट्टा असूनही गाडी काढतो. आपली बाइक चपळ, अंगाने बारीक; तिला जागा ती किती लागणार?

हिशेबच मांडू. ट्रक ताशी 40 किलोमीटरने चाललाय, बाइक 60 ने. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून बाइकला ट्रकपेक्षा साधारण 32 मीटर जास्त कापायचेत. वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे सहा सेकंद गेले. तेवढ्यात बाइक शंभर मीटर पुढे गेली आणि समोरून 60 नेच येणारी कार शंभर मीटर जवळ आली. 'काढू की नको' यात गेलेले दोन सेकंद वेगळेच. रस्तेबांधणीचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था 60 च्या वेगाला ओव्हरटेकसाठी 300 मीटर, तर 80 ला 470 मीटर दिसायला हवेत असं सांगते, ते उगीच नाही. घाटात एका नजरेत एवढा रस्ता क्वचितच सापडतो.

आणि समजा सापडला, तरी डोळा दगा देतो. सरळ आपल्याकडे येणारी गाडी बाजूला सरकताना दिसत नाही, नुसती मोठी होत जाते. ती किती झपाट्याने मोठी होते, यावरूनच मेंदू वेग ओळखतो. हे मोठं होणं, म्हणजे गाडीने डोळ्याशी केलेल्या कोनातली वाढ, सेकंदाला सुमारे 0.003 रेडियनच्या (रेडियन हे कोन मोजायचं एकक) खाली असेल, तर वेगाचा नीट अंदाज येत नाही. पावणेदोन मीटर रुंदीची कार आणि आपण, दोघंही 60 वर असलो तर ही मर्यादा ओलांडली जाते जेमतेम 140 मीटरवर. टक्कर व्हायला तेव्हा चार सेकंद उरलेले असतात, आणि ओव्हरटेकला तर सहा लागतात! त्याआधी ती कार लांब कुठेतरी उभी असल्यासारखीच वाटते.

'आम्ही उंच बसतो, आम्हाला चढापलीकडचं दिसतं,' हेही ऐकू येतं. दिसतं, पण किती? कारचालकाचा डोळा 1.2 मीटरवर आणि बाइकवाल्याचा 1.45 वर धरला, तर चढाच्या माथ्यावरून त्याला फक्त पाचेक टक्के लांबचं दिसतं. 300 चे 315 मीटर.

सगळ्यात पटणारा युक्तिवाद मात्र वेगळा: 'मी पट्टा ओलांडतच नाही, ट्रक आणि पट्ट्याच्या मधून जातो.' लेन साडेतीन मीटरची, ट्रक अडीच मीटरचा. ट्रक अगदी डाव्या कडेला चिकटला तर मीटरभर उरतो आणि हँडल पाऊण मीटर खातं. सरळ रस्त्यावर हे कसंबसं जमेलही. उजव्या वळणावर बाइक उजवीकडे झुकवावीच लागते. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर 50 च्या वेगाने जाताना हा कल 21 अंशांचा होतो. चाकं पट्ट्याला लागून, आतल्या बाजूलाच असतात. पण डोकं अर्धा मीटर पलीकडे, समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत लटकत असतं.

ट्रकऐवजी लांबलचक ट्रेलर असेल तर आणखी एक भानगड. वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूला कापत जातात. उजव्या वळणावर आतली बाजू म्हणजे पट्ट्याचीच. बाइकवाल्याने हिशेबात धरलेला तो मीटर मागून आवळत येतो, आणि त्याची नजर तर पुढे लागलेली असते.