व्यक्तिगत संवादोपचार

प्रशिक्षित उपचारक आणि मदत मागणारी एक व्यक्ती यांनी ठरलेल्या वेळी एकांतात बसून, बोलण्याच्या आधारे मानसिक त्रास कमी करण्याची पद्धत. एक सत्र साधारणपणे ४५ ते ५० मिनिटांचे आणि बहुधा आठवड्यातून एकदा असते. गटोपचार, दांपत्योपचार व कुटुंबोपचार यांपासून ही पद्धत वेगळी धरली जाते. औषधे लिहून देण्याचे काम बहुतेक ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे असते. संवादोपचार करणाऱ्यांत त्यांच्याबरोबरच चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातले समाजकार्यकर्ते असतात.

जिवलग माणसाशी बोलूनही मन हलके होते, मग परक्यापुढे पैसे मोजून बोलायचे कशाला, अशी शंका अनेकांना येते आणि ती रास्त आहे. मैत्रीत दोघांचेही ऐकले जाते आणि मित्राला आपल्या निर्णयात स्वतःचा काही ना काही रस असतो. संवादोपचारात सगळा वेळ एकाच माणसाचा असतो. उपचारक सल्ले कमी देतो, प्रश्न जास्त विचारतो आणि विशिष्ट सिद्धांताच्या आधारे ऐकतो. जे बोलले जाते ते गुप्त राहते. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाचा छळ होत असल्याचे समोर आले, तर गोपनीयतेला अपवाद असतो, आणि चांगला उपचारक हे पहिल्याच भेटीत सांगतो.

या पद्धतीचा उगम व्हिएन्नात झाल्याचे मानले जाते. योसेफ ब्रॉयर या डॉक्टरांनी १८८० ते १८८२ या काळात बेर्टा पापेनहाइम या तरुणीवर उपचार केले. एखादे लक्षण पहिल्यांदा कधी दिसले ते आठवून बोलले की ते लक्षण ओसरते, असे दोघांच्या ध्यानात आले. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव डॉक्टरांनी नव्हे, तिनेच दिले. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी १८९५ मध्ये तिची हकिकत ‘आना ओ.’ या टोपणनावाने छापली. ती वाचून बाई पूर्ण बरी झाली असे वाटते; प्रत्यक्षात त्यानंतरही तिला आरोग्यधामात राहावे लागले होते. पुढे ती नामवंत समाजसेविका झाली ही गोष्ट वेगळी. या क्षेत्रातली पहिलीच यशकथा रंगवून सांगितलेली होती, हे नव्या पद्धतींचे दावे वाचतानाही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

फ्रॉइड यांनी उभारलेल्या मनोविश्लेषणात व्यक्ती कोचावर आडवी होते, विश्लेषक तिच्या नजरेआड बसतो आणि मनात येईल ते न गाळता बोलायचे असते. आठवड्यातून चार-पाच सत्रे आणि कित्येक वर्षे असा हा मामला असतो. त्रासाचे मूळ अबोध मनात, म्हणजे आपल्या जाणिवेपलीकडच्या मनात, दडपलेल्या संघर्षात आहे, ही यामागची धारणा. आईवडिलांविषयीचे जुने राग-लोभ व्यक्ती नकळत विश्लेषकावर लादते. त्याला संक्रमण म्हणतात. उपचारक सुटीवर गेला म्हणून कोणी एकदम तुटक वागू लागले, तर तो अडथळा न मानता कामाचे साहित्य मानले जाते. आज शुद्ध मनोविश्लेषण फार थोडे जण घेतात. त्याच्यापासून निघालेले मनोगतिकीय उपचार मात्र सर्रास चालतात. त्यांत समोरासमोर बसून आठवड्यातून एक-दोनदा बोलायचे असते आणि नात्यांमध्ये पुन्हा पुन्हा त्याच वळणावर आपण का येतो, याचा शोध घेतला जातो.

कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी उपचारकाचे सर्वज्ञपण काढून घेतले. माणसात वाढीची ओढ उपजतच असते. उपचारकाकडून आस्था, विनाअट स्वीकार आणि खरेपणा मिळाला की ती वाट शोधते, असे त्यांचे म्हणणे होते. या व्यक्तिकेंद्री उपचारात निदान, गृहपाठ किंवा उपदेश यांना फारसे स्थान नाही. उपचारक ऐकलेले आपल्या शब्दांत परत मांडतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येऊ लागतो. ऐकताना हे सोपे वाटते, पण मते न देता तासभर मनापासून ऐकणे किती कठीण आहे ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. रॉजर्स यांचे दुसरे ऋण कमी सांगितले जाते: त्यांनी सत्रांचे ध्वनिमुद्रण सुरू केले आणि १९४२ मध्ये एका संपूर्ण उपचाराची शब्दशः नोंद छापली. बंद दाराआड नेमके काय घडते, हे त्यामुळे प्रथमच इतरांना तपासता आले.

याच्या अगदी उलट टोकाला वर्तनोपचार आहेत. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये भीतीवर मांडलेली रीत अशी की शरीर सैलावायला शिकायचे आणि भीतीदायक गोष्टीकडे पायरीपायरीने जायचे. बालपणाची चर्चा त्यासाठी अपरिहार्य नव्हती.

विचारांना मध्यभागी आणण्याचे श्रेय दोघांना जाते, आणि दोघेही मनोविश्लेषण शिकून त्याला कंटाळलेले. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचार मांडला. प्रसंग नव्हे, तर प्रसंगाविषयीची समजूत आपल्याला त्रास देते, हे त्याचे सूत्र. ‘यश मिळाले तर बरे’ ही इच्छा ‘यश मिळालेच पाहिजे’ या हट्टात बदलली की निराशेचे रूपांतर नैराश्यात होते. एलिस हट्टाशी थेट वाद घालत, प्रसंगी झणझणीत भाषेत. ॲरन बेक (१९२१–२०२१) यांचा स्वभाव निराळा. नैराश्यग्रस्तांच्या स्वप्नांत स्वतःकडे वळलेला राग सापडेल या अपेक्षेने त्यांनी अभ्यास सुरू केला आणि सापडले ते अपयशाचे व गमावल्याचे विषय. मनात झरकन येऊन जाणारे, खरे मानले जाणारे विचार हीच गोम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

त्यातून आजचा बोधात्मक वर्तनोपचार घडला. व्यवहारात सगळे त्याला सीबीटी म्हणतात. तो साधारण १२ ते २० सत्रांचा असतो आणि प्रत्येक सत्राची विषयपत्रिका ठरते. समजा, मैत्रिणीने निरोपाला उत्तर दिले नाही आणि मनात आले, ‘मी तिला नकोशी झाले आहे.’ हा विचार, त्याबरोबरची भावना, त्याच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा एका तक्त्यात लिहायचा. मग खरेच विचारून पाहायचे. सत्रांमधल्या दिवसांतला हा गृहपाठ उपचाराचा गाभा आहे. ‘सकारात्मक विचार करा’ या उपदेशाशी लोक सीबीटीची गल्लत करतात. येथे गोड विचार नव्हे, तपासलेला विचार हवा असतो, आणि तपासाअंती तो कटूही निघू शकतो.

याच कुळातली एक रीत सक्तीच्या विचार-कृतींच्या विकारावर, म्हणजे ओसीडीवर, विशेष परिणामकारक ठरली आहे. अस्वच्छ वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि हात धुवायचे नाहीत. अस्वस्थता चढते, तिला थारा द्यायचा. काही काळाने ती आपोआप उतरते, आणि जे भयंकर घडणार होते ते घडत नाही, हे मन अनुभवाने शिकते. निव्वळ समजूत घालणारा संवाद येथे बहुधा निष्फळ ठरतो. उलट, ‘काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला दर वेळी धीर देणारे उत्तर दिल्याने सक्ती बळावते.

मार्शा लिनेहन यांची द्वंद्वात्मक वर्तनोपचार पद्धती, म्हणजे डीबीटी, स्वतःला इजा करणाऱ्या व भावनांच्या तीव्र लाटांत सापडणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. तुम्ही जसे आहात तसे मान्य आहात आणि तरी बदलायला हवे, ही दोन्ही सूत्रे एकदम धरली जातात. व्यक्तिगत सत्रांना कौशल्यांच्या गटवर्गाची आणि अडचणीच्या वेळी फोनवरील मार्गदर्शनाची जोड असते. तरुणपणी आपणच अशा त्रासातून गेलो होतो, हे लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. स्वीकार व बांधिलकी उपचारात विचारांशी वाद घालण्याऐवजी त्यांना येऊ-जाऊ देऊन आपल्या मूल्यांप्रमाणे वागण्यावर भर असतो. आंतरवैयक्तिक उपचार १२ ते १६ सत्रांत वियोग, नात्यातला तंटा, आयुष्यातला मोठा बदल आणि एकाकीपणा या चारपैकी एखाद्याच विषयावर टिकून राहतो. आघातानंतरच्या त्रासासाठी वापरला जाणारा, डोळ्यांच्या हालचालींचा ईएमडीआर उपचारही प्रचलित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये त्याची शिफारस केली. डोळे हलवणे कितपत आवश्यक आहे यावर मात्र वाद चालूच आहे.

हे सगळे खरोखर उपयोगी पडते का? हान्स आयसेंक यांनी १९५२ मध्ये असे म्हणून खळबळ उडवली की सौम्य मनोविकारांतले सुमारे दोन-तृतीयांश लोक उपचाराविनाही दोन वर्षांत सुधारतात. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी सुमारे ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवले की उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती, न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असते. पद्धतींची आपसांत तुलना केली की फरक बऱ्याचदा किरकोळ निघतो. ध्येय काय, त्यासाठी करायचे काय आणि एकमेकांवर विश्वास किती, यांबाबत उपचारक आणि व्यक्ती यांचे जुळणे पद्धतीच्या नावाहून कमी महत्त्वाचे नसते. पण म्हणून कोणतीही पद्धत कोणालाही चालते असे नव्हे. ओसीडी, विशिष्ट भीती आणि आघातोत्तर ताण यांत पद्धतीची निवड निकालावर परिणाम करते, तर सौम्य ते मध्यम नैराश्यात निवडीला बरीच मोकळीक आहे. तीव्र नैराश्य, उन्माद किंवा भ्रम असलेल्या विकारांत बोलणे औषधांच्या जोडीने चालते, औषधांऐवजी नाही.

बोलण्याने नुकसान होतच नाही हा समज चुकीचा आहे. अपघातानंतर लगेच सर्वांना एकाच सत्रात घडलेले सविस्तर बोलायला लावण्याची प्रथा एके काळी फोफावली होती. तिचा फायदा चाचण्यांत दिसला नाही आणि काहींचा त्रास वाढल्याचे आढळले. उपचार घेणाऱ्यांपैकी थोड्या लोकांची प्रकृती त्या काळात बिघडते. त्यामुळे पाच-सहा सत्रांनंतर आपण कुठे आहोत, हे दोघांनी उघडपणे तपासणे आणि फरक नसेल तर पद्धत किंवा उपचारक बदलणे, हा उपचाराचाच भाग मानला जातो.